काटा येईपर्यंत

आजीनं जन्मभर हातांनी जे घडवलं, त्यातलं आज घरात काहीही नाही. कुणाच्या आजीमागं गोधड्या राहतात, कुणाची क्रोशाची तोरणं अजून दाराला असतात. आमची आजी हलव्याचे दागिने करायची. ते संक्रांतीला नव्या सुनांच्या आणि तान्ह्या पोरांच्या अंगावर चढायचे आणि रथसप्तमी व्हायच्या आत घराघरांत खाऊन संपायचे. ती स्वतःच तसं बजावून सांगायची. "कपाटात ठेवू नका गं, मुंग्या लागतात. साखर आहे ती, खायची असते." वाईतल्या कितीतरी घरांच्या अल्बममध्ये तिचा मुकुट आहे, तिचा तन्मणी आहे. तिचं नाव कुठल्याच फोटोवर नाही.

कार्तिकात तिचं वर्षश्राद्ध झालं. वर्षभर घरात सणवार नव्हता. त्यानंतरची पहिली संक्रांत आणि माझ्या भावाच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण एकदमच आलं. वहिनीनं मोबाइलवर तयार संच बघून ठेवले होते. मुकुट, बासरी, हार, कडी, सगळं खोक्यात भरून घरपोच येतं, आणि नोकरी सांभाळून तान्हं मूल वाढवणाऱ्या बाईनं ते मागवलं तर त्यात वावगं काहीच नाही. पण आत्या म्हणाली, "या वर्षी विकतचं नको. घरी करू. मला येतं ते सांगते, येत नाही ते करता करता आठवेल." आजीची ही एकुलती एक लेक. बाळाची आत्या मी, म्हणजे दागिन्यांचा मान माझा आणि कामही माझंच. डिसेंबर सरता सरता रजा टाकून मी मधल्या आळीतल्या आमच्या जुन्या घरी येऊन राहिले.

पहिलं काम परातीचं. आजीची परात पितळी, जाड बुडाची, काठाला एक पोचा आलेली. माळ्यावरून काढली तर कल्हई पार उडालेली. पाकात लिंबाचे थेंब पडतात, त्यामुळे बिनकल्हईची परात चालत नाही, पाक कळकतो. एके काळी कल्हईवाला आळीतच हाक देत यायचा. आता चौकशी करत करत बाजारात एकजण सापडला. त्यानं भाता फुंकून परात तापवली, नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर नाकात गेला, मग कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथील एका दमात परातभर फिरवलं. काळं पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखं झालं. आत्या परातीवर वाकून काठाजवळचे डाग शोधत उभी. "अजून इथं एक हात फिरवा." आजी अशीच उभी राहायची म्हणे. डाग राहिला तर त्या जागचा हलवा करडा पडतो, आणि तिला हलवा पांढराशुभ्र हवा असायचा. रंग घालणं तिला मंजूर नव्हतं. लाल-हिरवा हलवा तिनं कधी केला नाही. दागिन्याला रंग हवा तर तो खालच्या कागदाचा आणि जरीचा असू दे, म्हणायची.

मग बिया. एरवी हलवा म्हटलं की आपल्याला तीळ आठवतात. आजीच्या डब्यांमध्ये खसखस, साबुदाणा, वरीचे तांदूळ, काकडीच्या बिया, टरबुजाच्या बिया, भोपळ्याच्या सोललेल्या बिया, लवंगा, चुरमुरे, शेवयांचे तुकडे असं सगळं असायचं. तिची कला कुठं होती ते मला या बिया निवडताना कळलं. दागिना तिला आधी दिसायचा. त्यातली कुठली कळी कुठल्या बीवर चढेल हे त्यावरून ठरायचं. वेणीतल्या मोगऱ्याच्या कळ्या टरबुजाच्या बियांच्या. कानातल्या कुडीचे बारीक मोती खसखशीचे. हाराचं पदक भोपळ्याच्या बियांचं, पाकळ्या मांडल्यासारखं. मोरपिसाच्या काड्या शेवयांच्या. काही हलवेवाल्या बायका एकाच जातीचा हलवा पाडून त्याचेच सगळे दागिने गुंफतात. ही बाई एका मुकुटासाठी पाच जातींचा हलवा वेगवेगळा पाडायची. पाच वेगळ्या पराती म्हणजे पाच वेगळ्या पहाटा. मी ते स्वतः करून बघेपर्यंत त्यातले कष्ट मला ठाऊक नव्हते.

आता प्रत्यक्ष हलव्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण आत्याकडे होतं ते सगळं तोंडी होतं आणि ते कुठंतरी उतरलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, म्हणजे साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. पाक पंचातून गाळून घ्यायचा आणि थोडं लिंबू पिळायचं. बोटांना चिकटेल इतपतच पाक हवा, पक्की तार नको. तो दुसऱ्या शेगडीच्या कडेला कोमट राहील असा ठेवायचा. घट्ट होऊ लागला तर गरम पाण्याचा हबका.

शेगडीत कोळसे फुलवायचे आणि त्यावर राखेची चादर ओढायची. परातीत तीळ कोमट झाले की चमचाभर पाक, जास्त नाही. पाचही बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे, प्रत्येकाला पाक लागला पाहिजे. ते ओले होतात, एकमेकांना धरतात, मग हळूहळू सुटे होतात. पूर्ण सुकले की पुढचा चमचा. मधे मधे तळाशी साखरेची भुकटी बसते. ती राहू दिली तर दाण्यांना चिकटून हलवा गुळगुळीत आणि मातकट होतो, म्हणून दाणे चाळणीत काढायचे, परात ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करायची आणि पुन्हा मांडायची. हे रोज दोन-तीन तास, असे चार-पाच दिवस. पाव वाटी तिळांना तीन-चार वाट्या साखर सहज चढते, फक्त ती चमच्याचमच्यानंच चढते.

काटा पहिल्या दिवशी येतच नाही. तीळ नुसते फुगीर, पांढरे होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाण्यावर बारीक पुळ्या दिसतात. पातळ पाक दाण्याच्या उंचवट्यांवर आधी सुकतो, तिथं साखरेचा स्फटिक बसतो, पुढचा थेंब पुन्हा त्याच टोकाला धरतो आणि टोक वाढत जातं. आच जास्त झाली तर पाक दाण्यावर बसण्याआधीच सुकून त्याची पिठी होते. पाक घट्ट असेल तर खाचा भरून निघतात आणि दाणा गोटीसारखा गोल होतो. हात जोरात चालला तर आलेले काटे मोडतात. आजीला हे असं कुणी समजावलं नव्हतं. तिचं एकच वाक्य होतं, "आच आपल्या तळहाताला कळली पाहिजे, परातीला नाही."

आणि थंडी हवी, कोरडी. पसरणी घाटातून पहाटे जी हवा गावात उतरते ती हलव्याची हवा, असं आत्या म्हणते. आम्ही पाचच्या आत शेगडी पेटवायचो. मधे एकदा आभाळ आलं, दिवसभर दमट होतं, आणि आदल्या दिवशी उत्तम जमलेला हलवा डब्यात पाणी सुटून चिकट झाला. मला धस्स झालं. आत्यानं तो शांतपणे ताटात पसरला, वर मलमल घातली आणि म्हणाली, "आभाळ जाईपर्यंत हात लावायचा नाही. आई या दिवसांत कागद कापायची." तेवढ्यात दोन दिवस कागदाचं काम झालं, त्याबद्दल पुढं सांगते.

या हलवण्यात आणखी एक होतं. परातीपाशी बसलेल्या बाईला उठता येत नाही, हात रिकामा नसतो, नजर खाली असते. अशा वेळी माणूस जे बोलतं ते एरवी बोलत नाही. आत्यानं आजीचं आयुष्य मला त्या परातीवर सांगितलं. आधी मला त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं.

आजीचं माहेर मिरजेचं. १९५६ साली लग्न होऊन वाईला आली तेव्हा तिला हलवा येत नव्हता. तो शिकवला तिच्या चुलतसासूबाईंनी. त्यांना सगळे काकी म्हणत. काकी नऊ-दहा वर्षांच्या असताना विधवा झालेल्या, केशवपन केलेल्या, लाल आलवणातल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या माजघरात बसत, बाहेर येत नसत. आणि आळीतल्या प्रत्येक नव्या नवरीच्या अंगावर त्या दिवशी जे दागिने असत ते काकींनी केलेले असत. स्वतःच्या पहिल्या संक्रांतीला त्यांनी ते घातले होते का, हे त्यांना आठवतही नव्हतं म्हणे. हे सांगताना आत्याचा हात परातीत क्षणभर थांबला, आणि लगेच पुन्हा फिरू लागला, कारण तीळ ओले होते.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आजीनं काळी चंद्रकळा नेसून काकींनी केलेले दागिने घातले. बायका जमल्या, वाण लुटलं. सगळं आटोपल्यावर ती तशीच माजघरात गेली आणि काकींना म्हणाली, "मला शिकवा." पुढच्या मार्गशीर्षापासून ती काकींच्या शेजारी शेगडीपाशी बसली. काकींचे डोळे तेव्हा अधू झाले होते. त्या कानांनी काम करत. पाक घातला की दाणे मुके होतात, सुकले की वाजू लागतात, आणि काटा आला की तो आवाज बदलतो, बारीक आणि कोरडा होतो. माझ्या आठवणीतली आजीही शेवटची काही वर्षं अशीच, मान कलती करून परातीकडे कान लावून बसलेली. मला वाटायचं तिला डुलकी लागली आहे. यंदा तिसऱ्या दिवशी पहाटे तो आवाज बदललेला मला ऐकू आला. आत्याकडे बघितलं, तिनं नुसती मान हलवली.

आजोबा छापखान्यात जुळारी होते, म्हणजे छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवणारे. शिशाचे खिळे उलटे वाचण्यात त्यांची हयात गेली. मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत, त्यामुळे गावात छापील कागदाला फार मान. १९७६ मध्ये विश्वकोशाचा पहिला खंड निघाला तेव्हा आजोबांनी घरी पेढे आणले होते, हे आत्याला नीट आठवतं. पगार मात्र बेताचा. साखर रेशनची. १९७२ च्या दुष्काळात पाहुण्यालाही चहा अर्धा कप मिळे. त्या वर्षी आजीनं हलवा चुरमुऱ्यांवर पाडला. दाणा मुळातच मोठा, म्हणून दागिन्याचा आकार भरायला पाक थोडका लागतो. त्या वर्षीच्या सुनांचे हार जरा ओबडधोबड दिसले असतील, पण कुणाची पहिली संक्रांत ओकी गेली नाही. पुढं ती पैसे घेऊन काम करू लागली. काकाची पदविका आणि आत्याचं शिलाई यंत्र त्यातून आलं. गिऱ्हाइकाकडून ती साखर आधी मागून घ्यायची आणि उरलेली वाटी-दोन वाट्या साखरही परत करायची.

आता ते कागदांचं. आभाळ आलं त्या दिवशी आत्यानं आजीचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात खाके होते, म्हणजे दागिन्यांचे कापलेले नमुने: मुकुट, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा, बाळकृष्णाची बासरी, जावयाचं मनगटी घड्याळ. सगळे छापखान्यातल्या रद्द झालेल्या मुद्रितांमधून कापलेले. मुकुटाच्या खाक्यावर कुठल्याशा लेखाच्या अर्ध्या ओळी, समासात आजोबांच्या हातच्या शाईच्या खुणा. आजीनं प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: 'इथं साबु. ओळ १', 'टरबूज, टोक वर', 'गळ्याला टोचतं, आतून कापड'. ते शेवटचं मी कितीदा तरी वाचलं. काटेरी हलव्याचा हार दिसतो देखणा, पण तान्ह्या बाळाच्या मानेला तो टोचतो आणि मग फोटोत सगळी बाळं रडताना दिसतात. आजी हाराच्या आतल्या बाजूला जुन्या मऊ लुगड्याची पट्टी शिवायची. हे तिचं स्वतःचं. काकींनी शिकवलेलं नव्हे.

चिकटवायला ती मैद्याची खळच वापरायची, कारण पोरं दागिना चोखतात. दाण्यांना भोक पाडत नाहीत, फुटतात. दुहेरी दोऱ्याचा फास करून त्यात एक दाणा धरायचा, गाठ ओढायची, पुढचा फास. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, आवळली तर काटे मोडतात. माझी पहिली वीतभर सर होईपर्यंत आत्याची हातभर झाली होती. मुकुटाला आम्ही आजीचाच खाका वापरला, पण त्यावर खळ लावली नाही. तो ठेवून नवा पुठ्ठा कापला आणि तिची पेन्सिलीची टिपणं मी नव्या पुठ्ठ्यांमागं जशीच्या तशी उतरवून घेतली.

दागिन्यांबरोबर आजी नव्या सुनेला एक उखाणाही द्यायची, स्वतः जुळवलेला, चिठ्ठीवर लिहिलेला. आत्याला एक तोंडपाठ आहे:

परातीत हलतो तीळ, शेगडीला मंद जाळ,
अमुकरावांच्या संसारात गोड जावो सारा काळ.

आजोबा १९९१ मध्ये गेले. त्या वर्षी संक्रांत जवळ आली तेव्हा आळीत कुजबूज होती की आता दागिने कुणाकडून करून घ्यायचे. विधवेच्या हातचा हलवा काकींच्या वेळी चालत होता, कारण काकी माजघरात होत्या. आजी काही माजघरात बसणारी नव्हती. तिनं नेहमीसारखी शेगडी पेटवली. एका घरचे लोक दागिने न्यायला आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आजी म्हणाली, "मी येऊन घालते. बाजूबंद कसा बांधायचा ते तुम्हांला जमणार नाही." ती गेली. तिथं सासूबाई अवघडल्या, पण ती नवरी मुलगी उठून तिच्यासमोर येऊन बसली आणि हात पुढं केला. आजीनं बाजूबंद बांधला, बिंदी लावली, मग तिला हळदकुंकूही लावलं. आत्या सोबत होती. ती सांगते, की घरी आल्यावर आजी बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "काकींना बाहेर आणायला हवं होतं मी. तेव्हा मला सुचलं नाही." त्यानंतर तिनं एक अट घातली. दागिने हवेत तर अंगावर घालायला मी येणार. बहुतेक घरांनी ती मानली. न मानणाऱ्या घरांचं काम तिनं घेतलं नाही, पैशांची चणचण असतानाही नाही.

हे ऐकलं तेव्हा आमचा हलवा जवळजवळ तयार होता. तिळाचा दाणा ज्वारीएवढा, चहूबाजूंनी काटे. मी तळहातावर घेऊन खिडकीपाशी नेला. आजीच्या हलव्याचे काटे याहून लांब आणि एकसारखे असायचे, हे मला फोटो न बघताही सांगता येतं.

बोरन्हाण संक्रांतीनंतरच्या रविवारी ठेवलं. गल्लीतली पोरं दुपारपासूनच जमली. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि लुटायचा वेगळा साधा हलवा असं सूप भरून तयार होतं. काळं झबलं घातलेलं बाळ वहिनीच्या मांडीवर. बायकांत समोरच्या घरातल्या मावशी दारातच थांबल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात त्यांचे यजमान गेले. "मी इथूनच बघते," म्हणाल्या. आत्यानं काही न बोलता मुकुटाचं ताट उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. मावशी माझ्या आईकडे बघायला लागल्या. आई म्हणाली, "या ना. आमच्याकडे असंच असतं."

मुकुट मावशींनी घातला. गाठ त्यांनी बाळाच्या कानामागं इतकी हलकी बांधली की त्याला कळलंही नाही. हार मी घातला, लुगड्याची पट्टी आतून नीट बसली आहे ना ते बोट फिरवून बघितलं. बाळ रडलं नाही. त्यानं आधी बासरी तोंडात घातली, मग छातीवरच्या हाराला हात घातला आणि एक दाणा ओढून काढला. वहिनी "अरे अरे" करत पुढं झाली. आत्या म्हणाली, "खाऊ दे त्याला." तेवढ्यात सूप ओतलं गेलं आणि पोरं बोरांवर तुटून पडली.

रथसप्तमीला आम्ही मुकुट मोडून आळीत वाटला. मावशींच्या सुनेची पुढच्या वर्षी पहिली संक्रांत आहे. टरबुजाच्या बिया उन्हाळ्यातच धुऊन वाळवून ठेवायला आत्यानं मला आत्तापासून सांगितलं आहे.